इन्फोसिसमध्ये २०१७ साली नेमकं काय चुकलं?

प्रश्न: मी जमनालाल बजाजमध्ये एमबीए करतोय. वर्गात इन्फोसिसच्या २०१७च्या वादावर चर्चा झाली आणि सरळ दोन तट पडले. काहींच्या मते नारायण मूर्तींनी निवृत्तीनंतर नको तेवढी ढवळाढवळ केली, तर काहींच्या मते तेव्हाचे सीईओ विशाल सिक्का आणि संचालक मंडळाने कंपनीची मूल्यं सोडली. तुम्ही त्या काळात आयटी कंपन्यांचाच अभ्यास करत होतात. चूक कोणाची? भांडणामुळे कंपनी मागे पडली, की कंपनी मागे पडली म्हणून भांडण झालं?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. कंपनी आधी मागे पडली, भांडण पाचेक वर्षांनी आलं. पगारवाढी, पनाया या इस्रायली सॉफ्टवेअर कंपनीची खरेदी, माजी सीएफओला (वित्तप्रमुखाला) दिलेली रक्कम हे पेपरात गाजलेले सगळे मुद्दे महत्त्वाचेच होते. पण धोरण चुकलं ते त्याच्या बरंच आधी. 'पुढचा प्रमुख कोण' हा प्रश्न इन्फोसिसने वर्षानुवर्षं संस्थापकांमध्ये पाळी लावून पुढे ढकलला. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

मी फोर्टमधल्या एका ब्रोकरच्या संशोधन विभागात कामाला लागलो आणि पुढे लोअर परळच्या एका फंडात आयटी क्षेत्र सांभाळलं. त्यामुळे मी हे गुंतवणूकदाराच्या बाजूने पाहिलेलं आहे. बंगळुरूच्या कॅम्पसमध्ये बसलेल्या माणसाला ते वेगळं दिसलं असेल.

आधी पाळीचा हिशोब. कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, सात संस्थापक, सुधा मूर्तींनी दिलेले दहा हजार रुपये, ही गोष्ट तुम्हाला पाठ असेल. १९८१ ते २००२ मूर्ती सीईओ. मग नंदन निलेकणी २००७पर्यंत, त्यांच्यानंतर क्रिस गोपालकृष्णन २०११पर्यंत आणि शिबुलाल २०१४पर्यंत. चौघेही संस्थापक आणि चौघेही कर्तबगार, याबद्दल वादच नाही. पण अशा व्यवस्थेत तिसऱ्या-चौथ्या माणसाची पाळी येईपर्यंत धंदा बदललेला असतो, आणि निवड मात्र जुन्या यादीतूनच होते. दुसरं नुकसान लवकर दिसत नाही. बँकिंग विभाग सांभाळणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला दहा वर्षं आधीच कळलेलं असतं की वरची खुर्ची त्याच्यासाठी नाही. तो राहतो, चांगलं कामही करतो, पण कंपनीच्या वतीने मोठी जोखीम अंगावर घेत नाही. एप्रिल २०११ मध्ये संस्थापक नसलेले संचालक मोहनदास पै बाहेर पडले, तेव्हा आमच्याकडे पहिल्यांदा 'इथे संस्थापक नसलेल्याला वर वाट आहे का' हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला.

आता धोरण. २००८च्या मंदीनंतर अमेरिकन आणि युरोपियन ग्राहकांचा सूर बदलला. दर कमी करा, आमच्या माणसांना सामावून घ्या, जोखीम वाटून घ्या, अशा मागण्या सुरू झाल्या. इन्फोसिसचा हट्ट होता की मार्जिन, म्हणजे महसुलातला नफ्याचा वाटा, तीस टक्क्यांच्या आसपास राहिलंच पाहिजे. प्रतिस्पर्धी कॉग्निझंटने नेमका उलटा निर्णय घेतला होता. आपलं ऑपरेटिंग मार्जिन १९ ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवायचं, त्यावर जे मिळेल ते पुन्हा धंद्यात घालायचं, आणि हे गुंतवणूकदारांना जाहीरपणे सांगायचं.

हा फरक आकड्यात मांडून पाहा. सहा अब्ज डॉलर महसूल असेल तर मार्जिनमधले दहा टक्के म्हणजे वर्षाला ६० कोटी डॉलर. एवढ्या पैशात ग्राहकाच्या शहरात बसणारी अनुभवी माणसं नेमता येतात. कॉग्निझंटने तेच केलं. प्रत्येक मोठ्या खात्यावर एक जबाबदार माणूस ग्राहकाच्या शेजारी आणि दुसरा भारतात, दोघांचं उद्दिष्ट एकच. ग्राहकाच्या डोक्यात पुढच्या वर्षीचं बजेट आकार घेत असतानाच त्यांना त्याची कुणकुण लागायची. इन्फोसिसला निविदा निघाल्यावर कळायचं. २०१२च्या एप्रिल-जून तिमाहीत कॉग्निझंटचा महसूल इन्फोसिसच्या पुढे गेला. एकेकाळी ज्यांच्याशी तुलना करणंसुद्धा इन्फोसिसवाल्यांना रुचत नसे, ती कंपनी.

खरेदीतही तोच स्वभाव दिसतो. २००८ मध्ये ब्रिटनची अ‍ॅक्सन ही, सॅप या जर्मन कंपनीच्या सॉफ्टवेअरवर सल्ला देणारी कंपनी घ्यायला इन्फोसिसने ४० कोटी पौंडांहून थोडी जास्त बोली लावली. एचसीएलने त्यावर चढी बोली लावल्यावर इन्फोसिस मागे फिरली. त्या दिवशी बाजाराने शिस्त म्हणून कौतुक केलं आणि एका व्यवहारापुरतं ते ठीकही होतं. पण तिजोरीत हजारो कोटी पडून आणि चार वर्षं मोठी खरेदी नाही, याला मी शिस्त म्हणणार नाही. स्वित्झर्लंडची लोडस्टोन ही सल्लागार कंपनी घ्यायला २०१२ उजाडलं.

१२ एप्रिल २०१३. तिमाही निकालांच्या दिवशी आमची पद्धत ठरलेली असायची. सकाळी नऊच्या आत सगळे जागेवर, निकालाची फाईल आली की नफा-तोटा नंतर, आधी पुढच्या वर्षाचा गायडन्स, म्हणजे कंपनीने स्वतः दिलेला वाढीचा अंदाज. इन्फोसिसचा गायडन्स हा अख्ख्या क्षेत्राचा पंचांग समजला जायचा. त्या दिवशी आकडा आला ६ ते १० टक्के वाढ. नॅसकॉम या आयटी उद्योगसंघटनेचा उद्योगासाठीचा अंदाज १२ ते १४ टक्के होता. शेअर एका दिवसात २१ टक्के पडला. विश्लेषकांसोबतच्या कॉनकॉलवर प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज चढलेला होता आणि उत्तरं तीच होती, वातावरण अनिश्चित आहे, ग्राहक निर्णय लांबवत आहेत. तेच ग्राहक दुसऱ्यांना कामं देत होते, याचं उत्तर त्या कॉलवर मिळालं नाही.

म्हणून १ जून २०१३ला मूर्ती परत आले, तेही कार्यकारी अध्यक्ष म्हणून. तोवर आयसीआयसीआय बँकेचे के. व्ही. कामत अध्यक्ष होते, ते बाजूला झाले. मूर्तींनी वर्षाला एक रुपया पगार घेतला आणि मुलगा रोहन याला कार्यकारी सहायक म्हणून सोबत आणलं. भागधारक खूश होते, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. मुंबईतल्या बहुतेक फंडांनी स्वागतच केलं. खर्चाला कात्री लागली, मोठ्या कंत्राटांसाठी दर सैल झाले. पण त्या वर्षभरात वरच्या फळीतले लोक एकामागून एक गेले. अशोक वेमुरी गेले, व्ही. बालकृष्णन गेले, बी. जी. श्रीनिवास गेले. ज्यांच्यातून पुढचा सीईओ निवडता आला असता अशी ही माणसं होती. खालच्या थरात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ पोचलं. २०१४ मध्ये सीईओ शोधायची वेळ आली तेव्हा घरात उमेदवार उरला नव्हता, म्हणून बाहेरून आणावा लागला. या निवडीला पुष्कळजण धाडसी निर्णय म्हणतात. माझ्या मते तेव्हा दुसरा पर्यायच शिल्लक नव्हता.

विशाल सिक्का १ ऑगस्ट २०१४ला आले. स्टॅनफर्डची डॉक्टरेट, सॅपमध्ये हाना हा डेटाबेस उभा करणारा माणूस. पहिल्या दीड-दोन वर्षांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण उतरलं, मार्च २०१६ला संपलेल्या वर्षात स्थिर चलनात (विनिमय दरातले चढउतार वगळून) महसूल १३.३ टक्के वाढला, आणि हजारो इंजिनिअरांना वाटू लागलं की आपण ग्राहकाला काहीतरी सुचवूही शकतो. इन्फोसिसच्या पोरांशी बोलताना तो फरक कानाला कळायचा.

त्यांची खरी चूक पनायावरून वाद पेटण्याच्या खूप आधी झाली. त्यांनी २०२०पर्यंत २० अब्ज डॉलर महसूल आणि ३० टक्के मार्जिन ही दोन उद्दिष्टं एकत्र जाहीर केली. मार्च २०१५ला संपलेल्या वर्षाचा महसूल होता ८.७ अब्ज. गणित करा. पाच वर्षं दरवर्षी १८ टक्के वाढ लागते, तीही उद्योगाची वाढ एक अंकी होत चाललेली असताना. मोठी कंत्राटं घ्यायची तर मार्जिन सोडावं लागतं, मार्जिन वाढवायचं तर मोठी कंत्राटं सोडावी लागतात. दोन्ही एकदम साधायला सॉफ्टवेअर उत्पादनांचा धंदा हवा. सिक्का त्याच जगातून आले होते. सॅप लायसन्स विकते, एकदा लिहिलेला कोड हजार ग्राहकांना जातो. इन्फोसिस माणसांचे तास विकते. दोन लाख माणसांची कंपनी पाच वर्षांत उत्पादन कंपनी होत नाही, आणि २० कोटी डॉलरच्या पनायाने किंवा १२ कोटी डॉलरच्या कॅलिडसने तर नाहीच नाही. हे प्रश्न संचालक मंडळाने विचारायला हवे होते. मंडळाने उलट सिक्का यांचं मानधन वाढवून एक कोटी १० लाख डॉलरपर्यंत नेलं आणि त्यातला मोठा भाग कामगिरीशी बांधला. म्हणजे उद्दिष्ट तपासण्याऐवजी त्यावर शिक्का मारला.

२०१६-१७ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विल्यम्स अँड ग्लिन ही वेगळी बँक काढण्याचा प्रकल्प गुंडाळला, त्याचं काम इन्फोसिसकडे होतं, गायडन्स पुन्हा पुन्हा खाली आला, आणि वर्ष ८.३ टक्के वाढीवर संपलं. भांडण नेमकं या वर्षी पेटलं, हा योगायोग नव्हे. वाढ १३ टक्के असताना वरिष्ठांच्या पगाराबद्दल भागधारकांना येणाऱ्या नोटिसा कोणी बारकाईने वाचत नाही.

आता राजीव बन्सल यांचं प्रकरण, कारण विद्यार्थ्यांना हे नीट कोणी समजावत नाही. ते सीएफओ होते, ऑक्टोबर २०१५ मध्ये गेले. त्यांना जाताना १७.३८ कोटी रुपये, म्हणजे २४ महिन्यांचा पगार, द्यायचं ठरलं. नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याला साधारणपणे तीन महिन्यांचा पगार मिळतो. मग दोन वर्षांचा का? आम्ही अशा नोटिसा वाचतो तेव्हा तीन गोष्टी शोधतो. रक्कम कोणी मंजूर केली, कोणत्या तारखेला, आणि बदल्यात त्या माणसाने काय कबूल केलं. पगार ठरवणाऱ्या समितीची आणि लेखापरीक्षण समितीची मंजुरी रक्कम ठरण्याआधीची असायला हवी, नंतरची नव्हे. इथे तीच बाजू लंगडी होती. कंपनीने पाच कोटी दिल्यावर उरलेली रक्कम थांबवली आणि संशय दुप्पट झाला. देणं योग्य होतं तर थांबवलं का, आणि अयोग्य होतं तर कबूल का केलं? पुढे जनरल कौन्सेल, म्हणजे मुख्य विधी अधिकारी, डेव्हिड केनेडी गेले, त्यांनाही सुमारे ८.७ लाख डॉलर मिळाले. तोंड बंद ठेवण्यासाठी तर हे पैसे नाहीत ना, अशी शंका मूर्तींनी जाहीरपणे घेतली. पनायाच्या खरेदीबद्दल फेब्रुवारी २०१७ मध्ये एका जागल्याचं (व्हिसलब्लोअरचं) पत्र सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, गेल्याचंही बाहेर आलं.

पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. बन्सल लवादात गेले आणि २०१८ मध्ये लवादाने कंपनीला १२.१७ कोटी रुपये व्याजासह द्यायला सांगितलं. सेबीकडचं प्रकरण २०१९ मध्ये ३४.३५ लाख रुपये भरून मिटलं. म्हणजे ज्या विषयावरून कंपनी हादरली त्याचा कायदेशीर शेवट बीकेसीतला एक बरा फ्लॅटही येणार नाही इतक्या तडजोडीच्या रकमेत झाला.

संचालक मंडळाची चूक मी इथे मांडतो. अध्यक्ष आर. शेषसायी आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक शंकेला वकिलाचं उत्तर दिलं. गिब्सन डन या अमेरिकन विधी संस्थेकडून चौकशी करून घेतली, जून २०१७ मध्ये निर्दोष असल्याचा सारांश प्रसिद्ध केला आणि पूर्ण अहवाल द्यायला नकार दिला. नकाराला कारण आहे, अशा अहवालात साक्ष देणाऱ्यांची नावं असतात. पण फेब्रुवारीतच बन्सल कराराच्या अटी, मंजुरीच्या तारखा आणि कारण एका पानावर छापलं असतं, तर निम्मा वणवा तिथेच विझला असता. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या एखाद्या निवृत्त न्यायमूर्तींना अहवाल वाचायला देता आला असता. मंडळाने नियम पाळले की नाही एवढंच पाहिलं. समोरच्याचा विश्वास उडालाय, ही वेगळी समस्या आहे, हे त्यांनी ओळखलं नाही.

आणि आता मूर्तींची चूक, जी माझ्या मते जवळपास तितकीच मोठी आहे. तुमच्या वर्गात ती बहुधा कोणी मांडली नसेल. मूर्तींनी विचारलेले बहुतेक प्रश्न योग्य होते. वरिष्ठांना ६०-७० टक्के वाढ आणि बाकीच्यांना सहा-आठ, हे एप्रिल २०१७ मधलं त्यांचं पत्र मला आजही पटतं. चुकला तो मार्ग. २०१४ मध्ये संस्थापक मंडळातून स्वेच्छेने बाहेर पडले आणि स्वतःचा एकही प्रतिनिधी ठेवला नाही. प्रवर्तक गटाकडे, म्हणजे संस्थापक आणि त्यांच्या कुटुंबीयांकडे, मात्र १२.७५ टक्के समभाग होते. कंपनी कायदा २०१३च्या कलम १०० नुसार दहा टक्के मतं असलेले भागधारक विशेष सभा बोलवायला लावू शकतात. कलम १६० नुसार एखादा भागधारक एक लाख रुपये अनामत ठेवून संचालकपदासाठी नाव सुचवू शकतो. म्हणजे संस्थापकांच्या हातात चार ओळींच्या ठरावाने प्रश्न सभेसमोर नेण्याची सोय होती. मग एलआयसीला, आमच्यासारख्या फंडांना, परदेशी गुंतवणूकदारांना हात वर करून सांगावं लागलं असतं, आम्ही कोणाच्या बाजूने. ते झालं नाही. मुलाखती झाल्या, पत्रं झाली, ईमेलमधला मजकूर पेपरात आला. ठराव मतदानाला जातो आणि त्याचा निकाल लागतो. मुलाखतीचा निकाल लागत नाही, ती पुढच्या मुलाखतीपर्यंत पुरते. सहा महिने कंपनीचे विक्री अधिकारी ग्राहकासमोर बसायचे तेव्हा पहिली दहा मिनिटं या बातम्यांवर जायची, हे मला त्यांच्यापैकीच काहींनी सांगितलं आहे.

'पण ते संस्थापक आहेत, वडीलधारे आहेत, त्यांनी सभेत मत मागत फिरायचं का?' असं मला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तेव्हा विचारलं होतं. माझं उत्तर होय असंच होतं, आणि आहे. आदर वेगळा आणि अधिकार वेगळा. कंपनी शेअर बाजारात नोंदवल्यावर अधिकार मतांतून येतो, आणि मूर्तींनीच हे १९९३ पासून भारतीय कंपन्यांना शिकवलं आहे.

ऑगस्टचा तो आठवडा पाहा. शुक्रवार, १८ ऑगस्ट, सकाळी सिक्का यांचा राजीनामा. त्याच दिवशी मंडळाचं निवेदन, ज्यात मूर्तींचं नाव घेऊन त्यांच्यावर ठपका ठेवला होता. नोंदणीकृत कंपनीचं मंडळ आपल्याच संस्थापकाबद्दल शेअर बाजाराला असं लिहून कळवतं, हे मी आधी पाहिलं नव्हतं. शेअर ९२३ रुपयांवर बंद झाला, साडेनऊ टक्क्यांहून जास्त खाली. एका दिवसात सुमारे २२ हजार कोटींचं बाजारमूल्य गेलं. शनिवारी मंडळाने १३ हजार कोटींचा बायबॅक जाहीर केला, ११५० रुपये दराने. बाजारभावापेक्षा जवळपास २५ टक्के जास्त दराने कंपनी स्वतःचे शेअर घेणार, असं सांगूनही सोमवारी भाव आणखी पाच टक्क्यांहून जास्त घसरला. हा तपशील तुमच्या केस स्टडीत जरूर घाला. मंडळावरचा विश्वास गेला की त्याने दाखवलेले पैसेही कोणी मोजत नाही.

बुधवारी डझनभर देशी फंड व्यवस्थापकांनी मंडळाला पत्र लिहिलं, निलेकणींना बोलवा. बहुतेक सह्या मुंबईतल्या फंडांच्या. गुरुवारी, २४ तारखेला, मी गणपतीच्या आदल्या रात्रीच्या गर्दीत दादरच्या फुलबाजारात होतो. फोनवर बातमी आली: निलेकणी अध्यक्ष, शेषसायी आणि सिक्का मंडळातून बाहेर. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, बाजार बंद. डेस्कवरच्या आम्हा सगळ्यांनाच तो दिवस मोकळा मिळाला.

यानंतरची गोष्ट माझ्या मुद्द्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये निलेकणींच्या मंडळाने सगळं पुन्हा तपासलं आणि जाहीर केलं की पनाया व्यवहारात गैर काही आढळलं नाही, आणि पूर्ण अहवाल प्रसिद्ध होणार नाही. निष्कर्ष तोच, नकारही तोच. मूर्तींनी नाराजी व्यक्त केली, पण भांडण तिथेच संपलं. जी मागणी सहा महिने लावून धरली, ती मान्य न होता प्रश्न मिटला. याचा अर्थ काय घ्यायचा? माझ्या मते भांडण अहवालाचं नव्हतंच. आपल्या शंका ऐकून घेणारं, आपल्या ओळखीचं कोणी मंडळात नाही, याची ती बोच होती, आणि ती २०१४ मध्ये सगळे संस्थापक एकदम बाहेर पडले त्या दिवसापासूनची होती.

धोरणाचं काय झालं? जानेवारी २०१८ मध्ये कॅपजेमिनीतून सलील पारेख आले. ते आणि निलेकणी दोघेही पवईच्या आयआयटीचे. त्यांच्या काळातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा निर्णय फारसा गाजला नाही. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने मार्जिनचा पट्टा २२ ते २४ टक्के जाहीर केला. त्या दिवशी आमच्या काही मंडळींनी नाकं मुरडली, पण मला हायसं वाटलं. कॉग्निझंटने जे फार पूर्वी मान्य केलं होतं ते इन्फोसिसने कागदावर कबूल केलं, की वाढीसाठी खर्च लागतो. पुढची मोठी कंत्राटं, २०२० मधलं व्हॅनगार्ड असो की डाइमलर, या मोकळीकीतून आली. पनाया आणि कॅलिडसची स्कावा विकायला काढली होती, त्यांची किंमत हिशोबात खाली आणावी लागली आणि मनासारखा ग्राहक न मिळाल्याने ती घरातच राहिली.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा एक निनावी तक्रार उघड झाली, या वेळी पारेख यांच्याविरुद्ध, आणि शेअर एका दिवसात १६ टक्के पडला. पण या वेळी अध्यक्षांनी लगेच शेअर बाजाराला लेखी कळवलं, लेखापरीक्षण समितीने बाहेरचे तपासनीस नेमले आणि जानेवारी २०२० मध्ये तक्रारींत तथ्य नसल्याचा निष्कर्ष कारणांसह मांडला. तीन महिन्यांत विषय संपला. आधीच्या प्रकरणाशी तुलना करायची असेल तर या दोन तारखांच्या मधले कागद शेजारी ठेवून वाचा.

टीसीएसशी तुलना तुमच्या वर्गात होणारच, म्हणून थोडक्यात. मुंबईची ही कंपनी १९६८ पासूनची. कोहली, रामदोराई, चंद्रशेखरन, गोपीनाथन, सगळे घरात वाढलेले आणि एकही मालक नव्हे. मालक वर, टाटा सन्समध्ये. ऑक्टोबर २०१६ मध्ये बॉम्बे हाऊसमध्ये सायरस मिस्त्रींना काढलं तेव्हा त्याहून मोठं युद्ध झालं, पण टीसीएसच्या तिमाही आकड्यांत त्याची झळ शोधून सापडत नाही. मालकी आणि चालवणं यांच्यातली भिंत तिथे आधीपासून होती. इन्फोसिसला ती भर भांडणात बांधावी लागली.

आता तुमचा 'चूक कोणाची' हा प्रश्न. माझा क्रम असा: पहिली चूक २००७ ते २०१३ या काळातली, मार्जिन धरून ठेवण्याची आणि पाळीने प्रमुख नेमण्याची, ती सर्व संस्थापकांची सामूहिक. दुसरी मंडळाची, अशक्य उद्दिष्टावर शिक्का मारण्याची आणि विश्वासाच्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर देण्याची. तिसरी मूर्तींची, ठरावाऐवजी माध्यमांकडे जाण्याची. सिक्का यांची चूक चौथी. सेवा कंपनीला उत्पादन कंपनीचं वेळापत्रक लावलं, पण ते वेळापत्रक ज्यांनी मान्य केलं त्यांचा दोष मी जास्त मानतो. मार्च २०२५ला संपलेल्या वर्षात इन्फोसिसचा महसूल १९.३ अब्ज डॉलर होता. २०२०चं उद्दिष्ट पाच वर्षं उशिरानेही पुरतं गाठलेलं नव्हतं.

तुम्ही यावर प्रकल्प करणार असाल तर २०१७ वर थांबू नका. २०२२ मध्ये मंडळाने पारेख यांची मुदत ३१ मार्च २०२७पर्यंत वाढवली. त्याच वर्षी प्रेसिडेंट, म्हणजे सीईओच्या खालच्या पदावरचे, रवी कुमार गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये कॉग्निझंटचे सीईओ झाले. त्यांच्या पाठोपाठ मोहित जोशी टेक महिंद्राचे प्रमुख व्हायला बाहेर पडले. घरात वाढलेली दोन माणसं आज दोन प्रतिस्पर्धी कंपन्या चालवत आहेत. भांडण नाही, पत्रं नाहीत, पण २०१४ मध्ये ज्यामुळे बाहेर शोधावं लागलं ती रिकामी फळी पुन्हा तयार झाली का, हा प्रश्न आजही खुला आहे. पारेख यांच्या मुदतीबद्दल किंवा त्यांच्या जागी येणाऱ्याबद्दल मतदानाची नोटीस निघेल तेव्हा पगाराचा आकडा शेवटी वाचा. आधी पाहा की मंडळाने घरातले किती उमेदवार तपासले हे त्यात लिहिलं आहे का.